मांडव्याचा प्रश्न

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पावसाळा ऐन भरात आला की पानठेल्यावर आणि पारावर ६५ हा आकडा सारखा कानी पडतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी झाली तरच पंचनामा आणि मदत, हा हिशेब पापळ, लोणी, धानोरा गुरव, मंगरूळ चव्हाळा या गावांत शाळकरी पोरालाही पाठ असतो. पूर्वी हा पाऊस तहसीलच्या आवारातल्या मापकात माणूस मोजायचा. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, साधारण मंडळाला एक. कुंपणातला एक खांब, त्यावर सौरपट्टी, वाऱ्याची वाटी आणि पावसाचं भांडं. दर काही मिनिटांनी तिथून आकडे आपोआप वर जातात. यंत्र झोपत नाही, सही करून घरी जात नाही आणि कोणाच्या सांगण्यावरून पाऊस वाढवून लिहीत नाही. पण मंडळात गावं अनेक आणि खांब एकच. वऱ्हाडातला पाऊस शिवार पाहून पडतो. एका वावरात सोयाबीन पाण्याखाली आणि कोसभर अंतरावर नुसतं आभाळ, हे इथं कोणालाही नवं नाही. अशा वेळी खांबावर ६१ नोंदले गेले तर बुडालेल्या वावराचा मालक ‘अतिवृष्टीबाधित’ ठरत नाही. त्याला नाही कोणी म्हटलं? तलाठी म्हणतो, मंडळात नोंद नाही. तहसील म्हणतं, निकष शासनाचा आहे. खांब काहीच म्हणत नाही.

हा प्रश्न वरवर प्रशासनाचा दिसतो. माझ्या मते तो मुळात धर्मविचाराचा आहे. कर्म घडलं तर त्याचा कर्ता कोण, हे आपल्या परंपरेनं फार बारकाईनं तपासलं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. त्यात करण, म्हणजे साधन, कर्त्याहून वेगळं धरलं आहे. कुऱ्हाडीनं झाड पडतं, पण झाड तोडल्याचं बरंवाईट कुऱ्हाडीला चिकटत नाही. सार्वजनिक सेवेतल्या स्वयंचलनानं नेमका हा भेद पुसट केला आहे. साधन इतकं पुढं आलं की कर्ता त्याच्या आड दिसेनासा झाला. यंत्र चुकतं ही माझी तक्रार नाही, चूक माणसाचीही होते. यंत्राच्या चुकीला मालक उरत नाही, ही तक्रार आहे. आणि ज्या नकाराला मालक नाही तो नकार, आकडा बरोबर असला तरी, न्याय या नावाला पात्र होत नाही, असं माझं म्हणणं आहे.

याला आधार महाभारतातच आहे. आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. ऋषी मौन धरून तप करत होते. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला आणि तेही तिथंच दडले. राजाच्या शिपायांनी विचारलं, चोर कुठं गेले? ऋषी मौनात होते, उत्तर आलं नाही. माल सापडला, चोर सापडले, आणि उत्तर न देणारा हा माणूसही चोरांतच गणला गेला. राजानं सर्वांना सुळावर देण्याची आज्ञा केली. आजच्या भाषेत सांगायचं तर माहिती जुळली, खुलासा आला नाही, प्रकरण निकाली. मांडव्य सुळावरही जिवंत राहिले. राजाला चूक कळली, त्यानं पायाशी येऊन क्षमा मागितली, सूळ उपसायचा प्रयत्न केला. तो निघेना म्हणून कापला आणि टोक अंगातच राहिलं. कथा इथं संपत नाही हे तिचं मोठेपण. मांडव्य थेट यमधर्माच्या सभेत गेले आणि त्यालाच विचारलं, हे कोणत्या पापाचं फळ? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस. हिशेब चोख होता, नोंद खरी होती. तरी ऋषींनी तो मानला नाही. अजाण पोराच्या अपराधाला एवढी शिक्षा होऊ शकत नाही, असं सांगून त्यांनी धर्मराजालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचं कृत्य पाप धरलं जाणार नाही, अशी नवी मर्यादा घातली. विदुराचा जन्म या शापातून झाला. (शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म ही शिक्षा मानणं हा त्या कथेतला कलंक आहे, तो झाकायचं कारण नाही.) पण मुख्य गोष्ट पाहा. विश्वातला सर्वांत अचूक मानलेला हिशेबनीसही जाब देण्यातून सुटलेला नाही. त्याच्या दारात जाता येतं, कारण विचारता येतं, कारण पटलं नाही तर नियम बदलून घेता येतो. राजाची चूक आणि यमाचा हिशेब या दोहोंना इथं नाव आणि चेहरा आहे.

आता गावातल्या कंट्रोलच्या दुकानात या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, हा हक्क झाला. गेली काही वर्षं तो हक्क ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन घ्यावा लागतो. निंदण, कापूस वेचणी, राखेनं भांडी घासणं यांत उमर गेलेल्या बाईच्या बोटावर रेषा किती शिल्लक राहतात? बोंडाचं सुकलेलं कवच नखाशी टोचत राहतं, बोटांची टोकं चरचरीत होतात. ती आधी अंगठा लावते, दिवा लाल. पदराला पुसून पुन्हा लावते. कोणी सुचवतं म्हणून बोट केसांतून, कपाळावरून फिरवते, म्हणजे थोडं तेल लागेल. दुकानदार काच सदऱ्याच्या टोकानं पुसतो, दुसरं बोट मागतो, मग मधलं. रांग मागून चुळबुळते. शेवटी तो म्हणतो, “मशीन घेऊनच नाही राह्यली, आजी. मी काय करू?” बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. समोरची बाई कोण, तिचं घर कोणतं, तिचा नवरा कधी गेला, हे त्याला ठाऊक असतं. ओळखणारा माणूस समोर उभा असताना ओळख पटत नाही. आणि ‘मी काय करू’ हे वाक्य त्याच्यापाशी थांबत नाही. पुरवठा निरीक्षक, जिल्हा, सर्व्हर सांभाळणारी यंत्रणा, आधारचं प्राधिकरण असं ते वर वर चढत जातं आणि कोणत्याच पायरीला कर्ता सापडत नाही.

कागदावर अपवादांची सोय आहे, हे मान्य. आधार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१७ मध्येच परिपत्रक काढून ठसा जुळला नाही म्हणून कोणाला लाभ नाकारू नका, पर्यायी ओळख पाहा, असं बजावलं. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात लाभासाठी आधार मागू देणारं आधार कायद्याचं सातवं कलम टिकवलं, पण ठसा न जुळणं हे वंचित ठेवण्याचं कारण होऊ नये, हेही नोंदवलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत दिलं. माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती शक्यतांवर टांगता येणार नाहीत, असा त्यांचा आशय होता. अन्नसुरक्षा कायद्यात तर धान्य मिळालं नाही तर त्याबदली भत्ता देण्याचीही तरतूद आहे. मग अडतं कुठं? अपवाद वापरायचा तर कोणी तरी स्वतःच्या सहीनं म्हणावं लागतं की यंत्र नाही म्हणतं, तरी मी हो म्हणतो. यंत्राच्या होकाराला सही लागत नाही, नकारालाही नाही. फक्त दयेला सही लागते. उद्या चौकशी लागली तर सही करणारा अडकेल, न करणारा सुटेल. अशा व्यवस्थेत भला माणूससुद्धा हळूहळू ‘मी काय करू’ म्हणायला शिकतो, आणि स्वयंचलनाचा हा नैतिक परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो. यंत्र माणसासारखं होईल याची भीती जगभर घातली जाते. आमच्या तालुक्याच्या कचेरीत माणूस यंत्रासारखा होताना दिसतो.

यावर पहिला आक्षेप जोरकस आहे आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणा ठरेल. ज्या चेहऱ्याच्या माणसाची तुम्ही आठवण काढता, तो कसा होता? साखर काळ्या बाजारात, रॉकेल ट्रकमध्ये, मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य, आणि दारात आलेल्याची जात पाहून आवाज चढणारा किंवा उतरणारा. गावाची माणुसकी सर्वांना सारखी कधीच नव्हती. याच अमरावती जिल्ह्यात १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभारावा लागला, आणि त्यात पुढाकार घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख याच तालुक्यातल्या पापळचे. यंत्र जात विचारत नाही, लाच मागत नाही, ‘उद्या ये’ म्हणताना तुच्छतेनं पाहत नाही. दलित वस्तीतल्या एखाद्या तरुणाला पाटलाच्या ओसरीपेक्षा मोबाइलचा पडदा बरा वाटला तर त्याला भाबडं म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. हक्क हा कोणाच्या मर्जीवर नसावा, म्हणूनच तर तो हक्क. हे सगळं मी मान्य करतो. पण यातून निष्पन्न काय होतं? मर्जी जावी, हे होतं. जबाबदारी जावी, हे होत नाही. सम दृष्टी असलेला अधिकारी जात पाहतो आणि तिला निर्णयात शिरू देत नाही. यंत्राला मुळात काही दिसतच नाही. समत्व आणि आंधळेपण बाहेरून सारखे वाटले तरी फरक अडचणीच्या वेळी कळतो. शिवाय मर्जी खरोखर गेली का? निकष ६५ चा की ५० चा, खांब मंडळाला एक की गावाला एक, अंगठा किती वेळा चुकला की दुसरा मार्ग खुला करायचा, हे कोणी तरी ठरवलंच. मर्जी गावातून उठून मंत्रालयातल्या आणि सॉफ्टवेअर कंपनीतल्या टेबलावर जाऊन बसली, एवढंच. पूर्वी ती शिवीगाळ करायची, आता मेसेज पाठवते. नियम माणसांच्या हातात असल्याचा पुरावाही आहे : सततच्या पावसानं पिकं सडतात आणि ६५ ची अट आडवी येते, अशी ओरड झाल्यावर २०२३ मध्ये राज्यानं सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस हाही नुकसानीच्या निकषात आणला. खांबाला दया आलेली नव्हती. मांडव्यासारखं कोणी तरी दारात जाऊन विचारत राहिलं होतं.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. कोट्यवधी लोकांचं प्रकरण हातानं तपासता येत नाही, आणि हातानं तपासलं तरी चुका होतातच. २००८ च्या कर्जमाफीत अपात्रांना लाभ आणि पात्रांना डावलणं असे दोन्ही दोष महालेखापरीक्षकांनी नंतर दाखवले. पाच एकरांची मर्यादा तर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्यायच होती. म्हणून २०१७ मध्ये राज्यानं कर्जमाफी जाहीर करताना, ३४ हजार २२ कोटींची आणि ८९ लाख शेतकऱ्यांची, सगळा भरवसा ऑनलाइन अर्जावर ठेवला. वऱ्हाडातल्या केंद्रांवर नवरा-बायको दोघांनी अंगठ्यासाठी रांगा लावल्या. लिंक रात्री चालते म्हणून रात्रीही थांबले. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि मग कळलं की बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळत नाही. ग्रीन लिस्टमध्ये नाव आलं का, हा त्या हिवाळ्यातला प्रश्न होता. सरकार बँकांकडं बोट दाखवत होतं, बँका पोर्टलकडं. २००८ मध्ये चूक होती, पण चुकीचा पत्ता होता : सोसायटीचा सचिव, बँकेचा शाखाधिकारी, यादी लावलेली भिंत. २०१७ मध्ये चूक होती आणि पत्ता नव्हता. मोठ्या संख्येला यंत्र लागतं हे खरंच. पण संख्या मोठी असेल तर चुकीची संख्याही मोठी असते, आणि ती निस्तरायला माणसं कमी नव्हे, जास्त लागतात. यंत्र आणलं की माणसं कमी करता येतील, या गणितातच खोट आहे.

क्रमाचाही मुद्दा आहे. जुलै २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतल्या २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे निरनिराळ्या खात्यांची माहिती पडताळून जूनपासून थांबवल्याचं जाहीर झालं. त्यात काही ठिकाणी पुरुषांनीच अर्ज केले होते, एका घरातून दोनाहून जास्त नावं होती; त्यांना वगळणं योग्यच. पण जिल्हाधिकारी नंतर तपासणी करतील आणि पात्र ठरलेल्यांचे पैसे पुन्हा सुरू होतील, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. म्हणजे आधी सूळ, मग चौकशी. पुढं ई-केवायसीत पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा ज्यांना दोन्ही नाहीत अशा बायकांचं काय, हा प्रश्न योजना रचताना नव्हे, बायका केंद्रांवर अडल्यावर पुढं आला. ऑस्ट्रेलियात हेच अधिक क्रूर रीतीनं घडलं. तिथल्या सरकारनं २०१५ पासून वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून लाखो गरिबांवर आपोआप थकबाकी लादली, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावरच टाकलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगानं त्या योजनेवर कठोर ठपका ठेवला. आयोगानं संगणकाला साक्षीला बोलावलं नाही. मंत्री आणि सचिव बोलावले. कर्ता शोधायचाच म्हटलं तर सापडतो.

तिसरा आक्षेप धार्मिक मंडळींकडून येतो आणि तो ऐकायला गोड आहे. यंत्र हाच खरा निष्काम कर्मयोगी, असं म्हणतात. त्याला फळाची आशा नाही, अहंकार नाही. हा गीतेचा उलटा अर्थ झाला. फळाची आसक्ती सोडायला सांगितलं आहे, कर्माचं उत्तरदायित्व सोडायला नाही. ज्याला आसक्ती होऊच शकत नाही त्यानं ती सोडली असं म्हणता येत नाही; दगडानं उपास केला म्हणून त्याला एकादशीचं पुण्य लागत नाही.

मग यंत्राला कुठंच जागा नाही का? आहे, आणि जिथं ते तातडीनं हवं तिथंच येत नाही. या जिल्ह्यानं गाडगेबाबा दिले. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरताच आधी खराटा हाती घ्यायचा आणि मग कीर्तनाला उभा राहायचा. तो खराटा सर्वांनी धरावा, एका जातीच्या कपाळी लिहू नये, हा त्यातला अर्थ. हातानं मैला साफ करून घेण्याला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव केरळात २०१८ पासून चालतो आहे. तरी माणसं अजून उतरतात. रेशनच्या गोणीवर पाळत ठेवायला यंत्र वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचलं आणि गटारापर्यंत जाताना त्याचे पाय अडखळतात, यावरून राज्याला कोणाचा संशय येतो आणि कोणाचा जीव स्वस्त वाटतो, ते कळतं. घाण, धोका, ओझं, कंटाळवाणी मोजणी हे यंत्रानं जरूर घ्यावं. ते करणाचं काम आहे. भुकेल्याला नाही म्हणणं हे कर्त्याचं काम आहे. ते करायचंच असेल तर माणसानं, नावानिशी, कारण सांगून करावं.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर दोन अपिलं आणि पुढं आयोग आहे, कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे, आणि सेवा, पदनिर्देशित अधिकारी, अपिलीय अधिकारी यांची नावं कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. ई-पॉसचा नकार, ई-केवायसीतली अडकलेली नोंद आणि हवामान केंद्राच्या आकड्यावरचा वाद या तिन्हींना तोच नियम लावावा : यंत्रानं नाही म्हटलं तर तो निर्णय मानू नये, फक्त संशय मानावा, लाभ चालू ठेवावा, आणि ठरलेल्या मुदतीत एका अधिकाऱ्यानं सहीनिशी होय किंवा नाही सांगावं. नांदगाव खंडेश्वरच्या तहसील कार्यालयातल्या फलकावर या तीन ओळी आणि त्यांच्यासमोर तीन नावं लिहायला रंगाचा एक डबा पुरेल. पुढच्या खरिपाआधी ती नावं तिथं यावीत, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून पाठवावी.